अकराची टेकडी

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला 'श्वास घेऊ नका' म्हणाले.

अगदी तसंच नाही म्हणा. मी म्हणाले होते, "टेबलाजवळ जोरात श्वास सोडू नका." पण पुढे ही गोष्ट त्याने ज्याला ज्याला सांगितली त्याला ती अशीच सांगितली, आणि ऐकून ऐकून आता मलाही तीच खरी वाटायला लागली आहे.

बाहेर सकाळपासून झिमझिम चालू होती. एसीची मोठी यंत्रं आमच्या इमारतीच्या गच्चीवर, त्यामुळे तो थेट तिथूनच उतरला होता — खांद्यावर शिडी, हातात हत्यारांची पिशवी आणि केसांतून टपटप गळणारं पाणी. मी डोळ्यांवर लेझरचा चष्मा तसाच ठेवून दारातच आडवी उभी राहिले. आमच्या खोलीत ओल चालत नाही, धूळ चालत नाही आणि उगाच आलेली माणसं तर अजिबात चालत नाहीत. त्यात दोन दिवसांपासून खोलीचं तापमान अर्ध्या अंशाने वरखाली होत होतं. माझं काम ठप्प झालं होतं आणि माझा पारा मात्र एकसारखा वर होता.

"केस पुसून या," मी म्हणाले.

"पाऊस आहे, मॅडम."

"तो बाहेर. आत नाही."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, शिडी भिंतीला टेकवली आणि मुकाट्याने निघून गेला. पाच मिनिटांनी परत आला तेव्हा कुठल्याशा फडक्याने खसाखसा पुसलेले केस चहूबाजूंनी ताठ उभे होते. मला हसू फुटणार होतं. मी घाईघाईने कपाटात तोंड घातलं आणि त्याच्यासाठी चष्मा शोधत बसले.

लेझर चालू असताना आमच्या खोलीत नारिंगी काचांचा चष्मा घातल्याशिवाय पाऊल टाकायची सोय नाही. त्या काचांमागचे डोळे धड दिसत नाहीत. समोरच्या माणसाचं नाक, हनुवटी आणि आवाज एवढंच काय ते हाती लागतं. त्याचंही पुढचे दीड महिने मला एवढंच हाती लागलं होतं. आवाज चांगला होता, हे पहिल्याच दिवशी मान्य करायला हवं.

त्याने खिशातून घडी घातलेला फॉर्म काढला. "खोलीत माणसं किती?"

"माणसांचा इथे काय संबंध?"

"माणूस म्हणजे शंभर वॅटचा दिवा असतो, मॅडम. चालताबोलता. दिवे किती ते कळल्याशिवाय गारवा किती सोडायचा ते कसं ठरवणार?"

"एक," मी म्हणाले. "मी एकटीच."

त्याने लिहिलं — माणसं : एक. मग फॉर्मवरची नजर न उचलता पुटपुटला, "आणि हा दिवा जरा जास्तच तापलाय."

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

दोन दिवसांत त्याने दोष शोधून काढला. वरच्या नळकांड्यात एक झडप अडकली होती, ती त्याने सोडवली. पण भिंतीवरचा तापमापी टेबलाजवळची खरी गोष्ट सांगत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. म्हणून टेबलाच्या डाव्या टोकाशी त्याने एक छोटा तापमापी टांगला. त्याला तार जोडायला मी नकार दिला, कारण तारेने आमच्या यंत्रांच्या कानात गुणगुण सुरू होते. मग काय, रोज कुणीतरी येऊन डोळ्यांनी आकडा वाचायचा.

"मी येत जाईन," तो म्हणाला. "अकरा वाजता. एका मिनिटाचं काम आहे."

हे 'एका मिनिटाचं काम' लक्षात ठेवा.

चौथ्या की पाचव्या दिवशी त्याने विचारलं, मॅडम, तुम्ही इथे नेमकं बघता तरी काय? हा प्रश्न मला नवा नाही. घरी येणाऱ्या प्रत्येक मावशी-काकूला मी तो समजावून झाले आहे, आणि शेवटी आई सगळ्यांना 'ती दिव्यांचं काहीतरी करते' असं सांगून मोकळी होते. पण हा माणूस आकडा लिहून झाल्यावरही वही मिटून उभा राहिला, उत्तर येईपर्यंत.

मी सांगितलं. प्रकाशाचे दोन ठोके असतात, अतिशय छोटे. पहिला ठोका अणूतल्या इलेक्ट्रॉनला जागचा हलवतो. दुसरा मागून येतो आणि तो कुठवर पोचला ते बघतो. मग दुसऱ्याला आणखी किंचित उशीर करायला लावायचा आणि पुन्हा बघायचं. असं करत करत इलेक्ट्रॉनची सगळी वाट कळते.

"किंचित म्हणजे किती?"

"एका सेकंदात जितके ॲटोसेकंद मावतात ना, तितके सेकंद विश्व जन्माला आल्यापासून अजून झालेले नाहीत. आणि मी वीस-पंचवीस ॲटोसेकंदांसाठी भांडतेय."

"आणि उशीर करायला कसा लावता त्याला?"

"वाट लांबवून. आरसा मागे सरकवायचा. आपल्या केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले, तर त्यातला एखादाच भाग."

तो टेबलावरचा एकेक आरसा बघत गेला. मग म्हणाला, "म्हणजे जो उशिरा येतो त्यालाच सगळं दिसतं."

संध्याकाळी घरी जाताना मी ते वाक्य मनात इतक्या वेळा म्हटलं की बसमधून उतरायचा माझा थांबा मागे राहिला आणि मला तेवढं चालत परत यावं लागलं.

टेकडी त्याच महिन्यात सुरू झाली.

आमचे दोन किरण दोन वेगळ्या वाटांनी जातात आणि शेवटी एकत्र येतात. त्यांच्यातलं अंतर ढळू नये म्हणून एक छोटंसं यंत्र आरसा सतत सावरून धरतं, आणि किती सावरावं लागलं त्याची स्क्रीनवर रेषा काढत जातं. रेषा सरळ म्हणजे सगळं आलबेल. माझी रेषा सकाळी नऊपासून सरळ चालायची, अकराच्या सुमारास हळूच चढायला लागायची, वर जायची आणि अर्ध्या तासाने पुन्हा जमिनीवर यायची. रोज. आमच्या बाईंनी — ज्यांच्या हाताखाली मी पीएचडी करत होते त्यांनी — तिचं नाव 'अकराची टेकडी' ठेवलं.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. एका वायूच्या अणूतून दोन इलेक्ट्रॉन सुटतात, त्यातला एक दुसऱ्यापेक्षा किती उशिरा बाहेर पडतो हे मला मोजायचं होतं. त्यासाठी माप नऊ ते पाच सलग चालवावं लागतं, आणि असे सलग दहा दिवस हवे असतात. मधे रेषा हलली की तो दिवस बाद आणि मोजणी पुन्हा एकपासून. शिवाय आमचं सगळं बिऱ्हाड नव्या इमारतीत हलणार होतं. त्या आधी दहा दिवस पदरात पडले नाहीत तर यंत्रं सुटी करून पुन्हा जुळवण्यात माझं आख्खं वर्ष पाण्यात जाणार होतं.

आम्ही कुणाकुणावर संशय घेतला नाही? लिफ्टवर घेतला, एक दिवस लिफ्ट बंद ठेवून अख्ख्या इमारतीच्या शिव्या खाल्ल्या. पाण्याच्या पंपावर घेतला. कँटीनच्या धुराड्यावर घेतला. शेजारच्या लॅबमधल्या जाडजूड संशोधकाने अकरा वाजता चहाला उठू नये अशी विनंतीही करून पाहिली; तो अजून माझ्याशी बोलत नाही. दोषांच्या नोंदवहीत मी रोज रकाने भरायची. वेळ — अकरा. किती — अमुक. कारण — अज्ञात. दुरुस्ती — एसी विभागाला कळवलं.

एसी विभागाला कळवलं म्हणजे त्यालाच कळवलं. तो यायचा, तक्रार वाचायचा, तापमापीसमोर उभा राहून मान हलवायचा. इथे सगळं ठीक दिसतंय मॅडम, म्हणायचा. मग आम्ही दोघं दोषावर चर्चा करायचो. मग दुसऱ्या कशावर तरी. त्याला आत्येने वाढवलं होतं. आत्येच्या घरातला फ्रीज त्याने नवव्या वर्षी उघडून ठेवला होता आणि पुढे आठवडाभर घरात कुणाला दूध मिळालं नव्हतं. त्याला कसलीच घाई नसायची. बाईंनी त्याला 'थंडोबा' असं नाव पाडलं होतं आणि ते त्याला माहीत होतं.

एक दिवस मी बाहेर पाण्याच्या नळापाशी बाटली भरत होते आणि तो जिन्यावरून उतरला. दोघांच्याही डोळ्यांवर चष्मा नव्हता. दीड महिन्यात पहिल्यांदाच. त्याच्या डाव्या डोळ्याच्या कडेला भाजल्याची एक बारीकशी खूण होती, आणि डोळे... मी बाटली भरून वाहीपर्यंत बघत राहिले, एवढंच सांगते.

"पाणी," तो म्हणाला.

"हो, पाणीच आहे," मी म्हणाले. एवढी शिकलेली मुलगी, आणि हे माझं उत्तर.

त्यानंतर मी सकाळी कपाटासमोर जास्त वेळ उभी राहायला लागले. अंधाऱ्या खोलीत, नारिंगी चष्म्यातून कुठला रंग दिसणार होता देव जाणे. आईने दोन-तीनदा बघितलं आणि विचारलं, हल्ली अकरा वाजता काय असतं गं तुझं? मी दचकले. अकराच का? तर म्हणे, झोपेत तू 'अजून अकरा नाही वाजले' असं म्हणालीस. मी म्हटलं, आई, तिथे एक दोष आहे. ती म्हणाली, असू दे हो, वयाचा असतो.

चौथ्या महिन्यात एका सोमवारी तो आलाच नाही. त्याच्याऐवजी त्यांच्या विभागातले काका आले, आकडा लिहिला आणि चष्मा काढत काढतच बाहेर पडले. दुसऱ्या दिवशीही काका. तिसऱ्या दिवशीही काकाच. त्याला गच्चीवर बरंच काम निघालंय, असं ते म्हणाले.

आणि त्या सोमवारपासून टेकडी नाहीशी झाली. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले, रेषा सरळ ती सरळ. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस, आठ दिवस! बाई देवाला हात जोडायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. आणखी दोन दिवस, की माझं माप पूर्ण होत होतं. मी आनंदाने नाचायला हवं होतं.

मी काय केलं? आईवर चिडले. चष्म्याची काच पुसता पुसता तिच्यावर चरा पाडला. अकराच्या ठोक्याला दार वाजलं की मी हातातलं टाकून धावायची, आणि दारात काका दिसले की इतकं रितं वाटायचं की स्वतःचीच चीड यायची. आठव्या दिवशी दुपारी मी बसले आणि तक्रार लिहिली — खोलीत गारठा आहे, नेहमीच्या माणसाला पाठवावं. धादांत खोटं. तापमापी डोळ्यांसमोर लटकत होता आणि त्यात एक दशांशाचाही फरक नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो आला. तापमापी बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"गारठा कुठे आहे, मॅडम?"

"मला वाजला."

"आता?"

"आता... ठीक आहे."

तो हसला असावा. हनुवटीवरून कळतं. त्या दिवशी टेकडी परत आली, पूर्वीपेक्षा उंच. नववा दिवस बाद झाला आणि माझी मोजणी पुन्हा एकवर आली. माझी आणि माझ्या नशिबाची इतकी फजिती झालेली असताना मी संध्याकाळी जिना उतरताना गुणगुणत होते.

पाचव्या महिन्यातल्या सोमवारी त्याने आकडा लिहिला, वही मिटली आणि म्हणाला, "ह्या शनिवारी निघतोय."

"कुठे?"

"जहाजावर. मासे साठवायची मोठी शीतगृहं असतात ना, ती सांभाळायची. दहा महिन्यांचा करार आहे."

मी म्हणाले, "अच्छा."

मनातलं सगळं — तू जाऊ नकोस, तुझ्याविना ह्या खोलीला अर्थ नाही, मी अकरा वाजण्यासाठी उठते — सगळं त्या एका 'अच्छा'मध्ये कोंबलं आणि वळून एक आरसा नीट करायला लागले. तो आरसा आधीच नीट होता. मीच तो बिघडवला, आणि मग तो परत जुळवायला मला संध्याकाळ झाली.

बुधवारी बाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. पाच महिन्यांच्या रेषांचे कागद त्यांनी लांब टेबलावर तारखेप्रमाणे पसरले होते. नव्या इमारतीत हलायची तारीख आता दोन आठवड्यांवर आली आहे, टेकडी कुठून येते ते आज शोधायचंच, त्या म्हणाल्या. आम्ही दोघी कागदांवर ओणवलो.

एकेक टेकडीची रुंदी मोजत गेलो. पहिल्या महिन्यात ती चार मिनिटं चढत होती. दुसऱ्या महिन्यात सहा. मग नऊ. आता चौदा. आणि दोनच ठिकाणी ती नव्हती. एक म्हणजे चौथ्या महिन्यातले ते आठ दिवस. आणि दुसरे तीन दिवस, तिसऱ्या महिन्यातले, जेव्हा आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून मी घरी होते आणि यंत्र बाई चालवत होत्या. त्या तीन दिवसांत अकराच्या पुढे नखाएवढा उंचवटा होता. बस, तेवढाच.

"आठ दिवस काका यायचे..." मी म्हणाले, आणि तिसऱ्या महिन्याचे कागद पुढे ओढले. "बाई, ह्या तीन दिवसांत तो आला होता?"

"थंडोबा? आला होता की. मीच दार उघडलं. मिनिटात गेला. त्याचं काम मिनिटाचंच असतं ना?"

त्याचं काम मिनिटाचंच होतं. शंभर वॅटचा दिवा माझ्या डाव्या किरणाच्या वाटेशेजारी येऊन उभा राहत होता. तिथली हवा तापत होती, आणि वाट बदलत होती. मी नसले की एक मिनिट. मी असले की चार, सहा, नऊ, चौदा. हे सगळं माझ्याच यंत्राने, माझ्याच कागदावर, ॲटोसेकंदांच्या हिशेबात रोज लिहून ठेवलं होतं. मी बाईंच्या खुर्चीत बसले.

बाईंनी वाचायचा चष्मा काढला. "सगळं कळलं. एकच कळत नाही. तो आत आला की रेषा चढायला लागायची. स्क्रीन तुझ्या बाजूला. पाच महिने. अगं, त्या वेळी तू बघत कुठे होतीस?"

माझे कान गरम झाले. बाईंनी उत्तराची वाट बघितली नाही. त्या कागद गोळा करायला लागल्या आणि म्हणाल्या, आज मला जरा लवकर जायचंय. त्यांना कुठेही जायचं नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी गच्चीवर गेले. यंत्रांची घरघर चालू होती आणि तो एका पंख्याचं झाकण बसवत होता. मी रात्रभर संतापाची उजळणी करून आले होते. खूप काही बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच —

"तुला माहीत होतं."

आमच्यातलं ते पहिलं 'तू'. त्याने पाना खाली ठेवला.

"हो."

"कधीपासून?"

"काकांना पाठवायला लागलो त्याच्या आदल्या दिवसापासून. नवा तापमापी हातात होता, अगदी बारीक फरकही पकडणारा. टेबलाशी उभा राहिलो की एक दशांश चढायचा. बाजूला झालो की उतरायचा. दोष शोधायला आलो होतो आणि दोष मीच निघालो."

"आणि सांगितलं नाहीस. माझं वर्ष पणाला लागलंय हे ठाऊक असून."

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, आत येऊ नका."

"म्हणालेच असते!"

"म्हणून स्वतःच थांबलो," तो म्हणाला. "दहा दिवस थांबायचं ठरवलं होतं. तुमचं काम होऊ द्यायचं आणि मग येऊन सगळं सांगायचं. आठ दिवस काढले. ते कसे काढले ते मला विचारू नका. आणि मग तक्रार आली. खोलीत गारठा आहे."

मी गच्चीच्या कठड्याकडे बघायला लागले.

"गारठा नव्हता," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"मग आलास कशाला?"

"तक्रार आली की यावंच लागतं." तो हसला, आणि लगेच थांबला. "त्याच संध्याकाळी जहाजाला होकार कळवला. इथे राहायचं आणि अकरा वाजता खाली यायचं नाही, हे मला जमणार नाही हे कळून चुकलं होतं. लांब गेलो तर तुझं काम तरी होईल."

तुझं, म्हणाला. माझा संताप कुठे गेला कोण जाणे. शोधूनही सापडेना.

"पहिल्या दिवशी फॉर्मवर 'माणसं एक' लिहिलंस," मी म्हणाले. "दुसऱ्यांचे दिवे मोजतोस आणि स्वतःला धरतच नाहीस?"

"मी तिथे राहणार आहे असं तेव्हा कुठे वाटलं होतं..."

"मला तू हवा आहेस." मी म्हणून टाकलं. पाच महिने गिळलेलं वाक्य, किती छोटं होतं. "त्या खोलीत आणि खोलीबाहेरही. मी पाच महिने स्क्रीन सोडून तुझ्याकडे बघत बसले म्हणून टेकडी सापडली नाही. कालच बाईंसमोर माझी पुरती शोभा झाली आहे, आता आणखी कुणाला लाजू?"

तो जवळ आला. त्याच्या हाताला ग्रीस होतं, म्हणून त्याने हात पाठीमागे धरले होते आणि नुसता उभा होता. करार झालाय, तो म्हणाला. सही झाली. दहा महिने.

"थांबणं हे माझं रोजचं काम आहे," मी म्हणाले. "पण दहा महिने फार होतात रे." आणि मग मला रडू आलं, आणि ग्रीसचा विचार दोघांनीही सोडून दिला.

शुक्रवारी मी बाईंना म्हणाले, आजचा दिवस बाद जाईल. त्या म्हणाल्या, जाऊ दे, रविवारपासून दहा दिवस आहेतच, पण त्या दहा दिवसांत दारावर मी स्वतः बसणार.

अकरा वाजता तो आला. मी स्क्रीन वळवून त्याच्या समोर केली आणि म्हणाले, तुझ्या नेहमीच्या जागी उभा राहा. तो राहिला. आधी काहीच झालं नाही. मग रेषा हळूच उचलली गेली आणि वर निघाली. स्वतःचा लहानपणीचा फोटो पहिल्यांदा बघावा तसा तो तिच्याकडे बघत होता.

"हा मी?"

"हा तू. रोजचा."

मग मी खुर्चीतून उठले आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले, खांद्याला खांदा लावून. नारिंगी चष्म्यांतून आम्ही दोघं रेषेकडे बघत होतो. ती भराभर चढली आणि पडद्याच्या वरच्या कडेपलीकडे निघून गेली. त्याचा हात माझ्या हातात होता, घासून घासून धुतलेला, तरी ग्रीसचा वास येणारा. जेवणाची वेळ झाली तेव्हा बाईंनी बाहेरून दारावर दोनदा टकटक केली. त्यांनी एरवी कधी टकटक केल्याचं मला आठवत नाही.

नोंदवहीत मी लिहिलं. वेळ — अकरा ते पाऊण. कारण — माहीत आहे. दुरुस्ती — नको.

शनिवारी तो गेला. मी निरोप द्यायला गेले नाही, कारण गेले असते तर परत आले नसते. रविवारपासून रेषा सरळ चालू लागली. एक दिवस, पाच दिवस, आठ, नऊ... दहा. तेवीस ॲटोसेकंद. एक इलेक्ट्रॉन दुसऱ्यापेक्षा तेवीस ॲटोसेकंद उशिरा बाहेर पडतो. बाईंनी मला मिठी मारली आणि दोघी खूप हसलो. ह्याच सरळ रेषेसाठी मी पाच महिने जिवाचं रान केलं होतं. आता रोज अकरा वाजता तिच्याकडे बघताना मला ती अजिबात आवडत नव्हती.

तो बंदरात पोचला की त्याचा निरोप येतो. पहिला आला तो असा : 'इथे उणे अठरा. केस पुसून या म्हणणारं कुणी नाही.' मी तो इतक्यांदा वाचला आहे की त्यातली अक्षरं झिजायला हवी होती.

मागच्या आठवड्यात आम्ही नव्या इमारतीत आलो. खोली मोठी आहे, भिंतींना अजून रंगाचा वास येतो. एसीच्या कामाला एक वयस्कर गृहस्थ आले होते. त्यांनी खिशातून फॉर्म काढला आणि विचारलं, "खोलीत माणसं किती?"

"दोन," मी म्हणाले.

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. एक टेबल होतं आणि एक खुर्ची. "दुसरं कोण?"

"यायचाय. साडेनऊ महिने राहिलेत."

"मग आत्ता एकच धरू की. आल्यावर बदलता येतं."

"नाही," मी म्हणाले. "आत्ताच दोन धरा. मागच्या वेळी धरायचं राहून गेलं होतं."

माणसं : दोन, असं लिहून त्यांनी यंत्र तसं लावून दिलं. तेव्हापासून आमच्या खोलीत एका माणसापुरता गारवा जास्तच असतो. बाई आत आल्या की कुरकुरतात. मी शाल पांघरून बसते आणि तक्रार करत नाही.